पोटाची पुस्तिका : कामाच्या नोंदी

१२ जून २०२४
वाचनालयाच्या बैठकीत पुस्तिकेचं नक्की झालं. घरोघरची जुनी औषधं, पण सगळी नाहीत, फक्त पोटाची. अजीर्ण, गॅस, जळजळ, मुरडा, बद्धकोष्ठ. जागा उरली तर सर्दी-खोकला. पट्टा जुन्नर शहर आणि पश्चिमेकडची गावं एवढाच. ग्रंथपाल ताई ऐकून लिहून घेणार, गुरुजी भाषा बघणार आणि तपासणी माझ्याकडे, कारण मी डी.फार्म. आहे आणि गावात मेडिकल चालवते.

माहिती भरायचा तक्ता केला: उपाय, साहित्य, मात्रा, कशासोबत, किती दिवस. शेवटी एक रकाना मी हट्टाने घालायला लावला, ‘कोणी घ्यायचं नाही’. गुरुजी म्हणाले, आधी कोणी घ्यायचं ते तरी कळू दे.

२० जून
वाचनालयाच्या वरच्या खोलीत पहिली बैठक. साठीच्या पुढच्या बायका, दोन आजोबा. चहा झाल्यावर बोलत्या झाल्या.

अजीर्णावर काय करायचात, असं विचारलं तर एकीनेही आधी औषधाचं नाव घेतलं नाही. ‘आधी जेवण बंद.’ करपट ढेकर येतायत म्हटल्यावर सासू रात्रीचं ताट मांडायचीच नाही. सकाळी खरी भूक लागली तर मऊ भात आणि मेतकूट, नाहीतर मुगाचं कढण. आलं, ओवा, हिंग हे सगळं त्यानंतर. आमच्या तक्त्यात याला रकानाच नव्हता. ताईंनी समासात ‘लंघन’ लिहिलं आणि पुढच्या प्रत्येक पानावर तेच लिहीत गेल्या. शेवटी तो सगळ्यात पहिला रकाना केला.

मग ओवा. तव्यावर जरासा शेकायचा, सैंधव घालून तळहातावर चोळायचा, फुंकर मारून कचरा उडवायचा आणि चावून वर कोमट पाणी. ओव्याला जो झणका असतो तो थायमॉलचा. तेच थायमॉल चूळ भरायच्या बाटलीबंद औषधांतही असतं. मात्रा विचारली तर सगळ्यांचं उत्तर ‘चिमूटभर’. दुकानातला छोटा काटा नेला होता. प्रत्येकीला कागदावर आपापली चिमूट टाकायला सांगितली. दोन बोटांची आणि तीन बोटांची चिमूट यांत दुपटीहून जास्त फरक. एका आजोबांची चिमूट जवळजवळ मूठच होती. ते म्हणाले, ‘पोट कोणाचं आहे ते बघून चिमूट असते.’ यावर काय लिहायचं? ओव्यासारख्या वस्तूला हे खपून जातं. पुढे जी नावं येतील त्यांना खपेलच असं नाही.

४ जुलै
हिंग. किराणा दुकानात मिळतो तो बहुतेक बांधानी हिंग: मूळ हिंगात डिंक आणि गव्हाचं किंवा तांदळाचं पीठ मिसळून बांधलेला. नुसता हिंग इतका उग्र असतो की जिभेला चटका बसतो. सगळा माल अफगाणिस्तान, इराण, उझबेकिस्तानकडून येतो. झाडाच्या मुळाला चीर देऊन निघणारा चीक वाळवलेला असतो. आपल्याकडे त्याची लागवड नव्हतीच. ऑक्टोबर २०२०मध्ये पालमपूरच्या सीएसआयआर (केंद्र सरकारची विज्ञान-संशोधन परिषद) संस्थेने हिमाचलात लाहौल खोऱ्यात रोपं लावली, ती सुरुवात. आमच्या आजीबाईंचा सगळ्यात ‘घरचा’ उपाय हा असा आयातीवर चालत आलाय. गुरुजींना ही गोष्ट एवढी आवडली की त्यांना ती मलपृष्ठावर हवी होती. नको म्हटलं.

‘कोणी घ्यायचं नाही’ या रकान्यात इथे पहिली खरी नोंद पडली: ज्यांना गव्हाची ॲलर्जी आहे त्यांनी डबीवरचं बारीक अक्षर वाचावं.

हिंगाष्टकाची कृती वैद्यांनी सांगितली. सुंठ, मिरे, पिंपळी, ओवा, सैंधव, जिरे, शहाजिरे आणि हिंग. घ्यायचं ते जेवणाच्या पहिल्या घासाला, भात आणि तुपाबरोबर. आमच्या दुकानातून लोक नेतात आणि जेवण झाल्यावर पोट डब्ब झालं की पाण्याबरोबर मारतात. ते डबीवरही कोणी वाचत नाही.

१८ जुलै
बाळगुटी. आजचा दिवस मोठा.

शेजारच्या माईंच्या घरी गेलो. त्यांचा गुटीचा डबा पितळी, आत कापडाच्या पुरचुंड्या. वेखंड, बाळहिरडा, मुरडशेंग, जायफळ, मायफळ, हळकुंड, सुंठ, अतिविष, काकडशिंगी, नागरमोथा, ज्येष्ठमध, सागरगोटा, बदाम, खारीक. त्यांनी सहाण मांडली, उकळून गार केलेल्या पाण्याचे थेंब टाकले आणि सुरुवात केली. वेखंडाचा एक वळसा. जायफळाचा अर्धा, ‘नाहीतर पोर उठायचं नाही.’ हिरड्याचे दोन. मुरडशेंगेचे पोट दुखत असेल तर तीन, एरवी एक. बदामाचे हवे तेवढे. प्रत्येक वस्तू उगाळून झाली की फडक्याला पुसून परत पुरचुंडीत. शेवटी सहाणेवर फिकट तपकिरी, दुधासारखं पातळ काहीतरी उरलं, ते बोंडल्यात काढलं. सगळा खटाटोप पाऊण बोंडल्याचा.

दर दिवशी वळसे बदलायचे. शौच हिरवट झाली की हे कमी, ते जास्त. बाळ तापलं असेल तर गुटी बंद. दात येताना वेगळं. माईंना हे सगळं पाठ आहे, पण विचारल्यावर सांगता येत नाही; हात चालू झाला की तोंडून निघतं. ताई लिहिता लिहिता मागे पडत होत्या.

मी वेखंडाचा तुकडा मागून आणला. रात्री दुकान बंद केल्यावर वीस वळसे उगाळले, लेप फॉइलवर निपटून घेतला, वाळवला आणि काट्यावर ठेवला. काट्यावर जेमतेम उमटला. म्हणजे एका वळशात जाणारं वेखंड जवळजवळ नावापुरतं. आता फोनवर फिरणाऱ्या कृती बघा: ‘सर्व वस्तू मिक्सरला लावून पूड करा, रोज पाव चमचा मधातून द्या.’ पाव चमचा पूड म्हणजे अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. वळशाचा चमचा झाला, आणि नाव तेच राहिलं, बाळगुटी.

वेखंडात अपायकारक असं बीटा-अ‍ॅसरोन असतं. अमेरिकेत १९६८पासून खाण्याच्या पदार्थांत वेखंड वापरायला बंदी आहे, ती त्यामुळेच. जायफळ जास्त झालं तर धडधड, गुंगी, भ्रम. मोठ्या माणसांना होतं. तान्ह्याचं काय सांगावं.

१ ऑगस्ट
गुटीवर बैठक, आणि चांगलीच वाजली.

बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांना बोलावलं होतं. त्यांचं म्हणणं सरळ होतं: पहिले सहा महिने आईचं दूध, दुसरं काही नाही, पाणीसुद्धा नाही. मध तर वर्ष होईपर्यंत बोटभरही नको, त्यातल्या बीजाणूंमुळे तान्ह्याला बोट्युलिझम ही जिवावरची विषबाधा होऊ शकते. चुन्याची निवळी नको. सहाण, फडकं, बोंडलं यांतून जंतू जातात ते वेगळंच. माई चिडल्या. ‘माझी चारही पोरं गुटीवर वाढली.’ डॉक्टर म्हणाले, जी वाढली नाहीत त्यांच्या आया आज इथे बसलेल्या नाहीत. खोली शांत झाली. मग एका आजींनी, कोणी न विचारता, त्यांच्या धाकट्या जावेचं सांगितलं. ते इथे लिहीत नाही.

जुनं म्हणजे सगळं निर्मळ, असा काहींचा समज असतो. मुंबईत गिरणीवर जाणाऱ्या बाया तान्ह्यांना अफूची बाळगोळी देऊन निजवत, हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या कागदपत्रांत आहे. त्यांना दुसरा पर्याय काय होता, तोही प्रश्न आहेच. आणि हे फक्त आपलंच नाही. ग्राइप वॉटर विल्यम वुडवर्ड या इंग्रज औषधविक्याने १८५१मध्ये नॉटिंगहॅमला काढलं. शोपाचं तेल, खाण्याचा सोडा, साखर, पाणी आणि अल्कोहोल. शोपा म्हणजे आपला बाळंतशोपा, शेपूचं बी. बाळंतिणीला आपण जेवणानंतर देतो तेच. फक्त अल्कोहोल त्यांचं.

ठरलं ते असं: गुटी पुस्तिकेत राहील, पण आठवण म्हणून. वस्तूंची नावं, चित्रं, सहाणेची रीत. मात्रा नाही, कृती नाही. चौकटीत डॉक्टरांचा मजकूर. माईंनी नाव द्यायला नकार दिला. त्यांचा राग मला समजतो, पण निर्णय बदलणार नाही.

१४ ऑगस्ट
घाटघरच्या बाजूला गेलो. पाऊस मजबूत. नाणेघाटाकडचा रस्ता धुक्यात.

इकडच्या महादेव कोळी घरांत हिरडा हे औषध नंतर, आधी पैसा आहे. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांतला बाळहिरडा व्यापाऱ्याकडे किलोवर जातो. कोवळं फळ वाळलं की काळं, सुरकुतलेलं होतं, तोच बाळहिरडा. पिकल्यावरचा मोठा, पिवळसर हिरडा वेगळा. घरी पोट साफ होत नसेल तर रात्री हिरड्याची पूड कोमट पाण्याबरोबर. मात्रा विचारल्यावर इथल्या काकूंनी जे उत्तर दिलं ते मला सगळ्यांत आवडलं: ‘पहिल्या दिवशी कमी. दुसऱ्या दिवशी बघायचं. तिसऱ्या दिवशी घ्यायचंच नाही.’ मी दुकानात जुलाबाच्या गोळ्या महिनोनमहिने नेणारी माणसं रोज बघते. त्यांना हा तिसरा दिवस कोणी सांगितलेला नसतो. ताईंना म्हटलं, हे वाक्य जसंच्या तसं छापायचं.

मुरडशेंग झुडपावर पहिल्यांदा पाहिली. दोरीला पीळ द्यावा तशी पिळलेली शेंग. पोटात पीळ पडतो म्हणून पिळाची शेंग, असा हिशेब काकूंच्या सासऱ्यांनी सांगितला आणि स्वतःच हसले.

गुळवेलीवरून वाद झाला. काकूंनी बांधावरून जी वेल दाखवली आणि सोबतच्या मुलाने जी तोडून आणली, त्या दोन वेगळ्या होत्या. पानं दोन्हींची हृदयाच्या आकाराची. हा खेळ नाही. करोनाच्या काळात गुळवेलीचे काढे रोज पिणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१मध्ये मांडलं होतं, आणि आयुष मंत्रालयाने तेव्हा सारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीकडे बोट दाखवलं होतं. कोण बरोबर, हे ठरवायची आमची ऐपत नाही. पुस्तिकेतून गुळवेल काढली.

२९ ऑगस्ट
टायपिंग सुरू. बाकी काही नाही.

२० सप्टेंबर
गणपती आटोपले. काउंटरवर मोदकांचा हिशेब चालू आहे. सगळ्यांना ‘फसफसणारं काहीतरी’ हवं.

सोड्याचं पान आज लिहून संपवलं. खाण्याचा सोडा पोटातल्या आम्लाला मारतो, कार्बन डायऑक्साइड सुटतो, मोठी ढेकर येते आणि माणसाला वाटतं की गॅस गेला. ती ढेकर सोड्याचीच असते. एका सपाट चमच्यात बाराशे मिलिग्रॅमच्या वर सोडियम. रक्तदाब, हृदय, मूत्रपिंड यांचा आजार असेल त्याने लांब राहावं. मिठाचं लोणचं बंद करून सोडा पिणारे आजोबा मला माहीत आहेत.

जळजळीवर थंड दूध: पहिली दहा-वीस मिनिटं बरं वाटतं. मग दुधातल्या कॅल्शियमने आणि प्रथिनांनी आम्ल पुन्हा सुटतं. पुदिन्याचंही तसंच. पोटातली कळ सैल करतो, पण अन्ननलिकेच्या खालची झडपही सैल करतो, त्यामुळे घशाशी येणाऱ्यांना त्रास वाढतो. ज्येष्ठमध चघळायला गोड, पण रोज चघळलं तर रक्तदाब चढतो. शेवटचा रकाना आता पहिल्यापेक्षा भरलेला दिसतो. गुरुजी त्यावर काही बोलत नाहीत.

३ ऑक्टोबर
घटस्थापना. दुकानात सकाळीच आम्लपित्ताच्या गोळ्यांना मागणी. साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याची आमटी, बटाट्याचे पापड, वर कडक चहा. एकादशी आणि दुप्पट खाशी. लंघनाच्या रकान्याखाली ताईंनी एक ओळ घातली, ‘उपासाचे पदार्थ खाणे म्हणजे लंघन नव्हे.’ मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी, गरोदर बायकांनी आणि लहान मुलांनी लंघन करू नये, ही ओळ माझी.

१७ ऑक्टोबर
न छापायच्या गोष्टींचं पान. खरं तर छापायच्याच, पण ‘करू नका’ म्हणून.

एरंडेल. रविवारी सकाळी सगळ्या भावंडांना ओळीत बसवून चहातून किंवा आल्याच्या रसातून. ही आठवण प्रत्येक घरात आहे आणि प्रत्येक जण सांगताना तोंड वाकडं करतो. चवीची तक्रार सोडा; धोका दुसरीकडे आहे. पोटात दुखतंय म्हणून एरंडेल दिलं आणि दुखणं अपेंडिक्सचं निघालं तर ते फुटू शकतं. गरोदरपणात तर नकोच.

पोटावर तांब्या लावणं. बेंबी सरकली म्हणून पोटावर दिवा ठेवायचा, वर तांब्या उपडा घालायचा. दिवा विझतो आणि कातडी आत ओढली जाते. करणाऱ्या मावशी अजून आहेत, स्वभावाने गोड आहेत आणि पैसे घेत नाहीत. बेंबी सरकत नसते, हे त्यांना सांगायला कोण जाणार, यावर बैठकीत टाळाटाळ झाली. वैद्यांनी जबाबदारी घेतली.

डाग देणं. आमच्या बैठकांत एक-दोघींनी दबक्या आवाजात कबूल केलं. मेळघाटात पोट फुगलेल्या बाळाला तापलेल्या लोखंडाचे चटके देतात, त्याला डंबा म्हणतात. त्याच्या बातम्या अजूनही येतात. दवाखाना लांब, रस्ता नाही, रात्रीची वेळ, बाळ रडतंय. अंधश्रद्धा म्हणून मोकळं होणं सोपं आहे. या पानावर फक्त मनाई न लिहिता १०८ क्रमांक मोठ्या अक्षरात टाकला.

बिब्बा पोटासाठी सांगणारेही भेटले. कातडीवर फोड आणणारं ते तेल पोटात घालायचं? शुद्ध केलेल्या बिब्ब्याचं वैद्यांना ठाऊक. घरी नाही.

६ नोव्हेंबर
फराळाचे डबे संपायच्या आत बचत गटाच्या बायका आल्या. आवळा सुपारी, आलेपाक आणि पाचक चूर्ण करून पुस्तिकेबरोबर विकायचं त्यांच्या मनात आहे. आवळा सुपारी अप्रतिम होती, आलं-लिंबू-सैंधवाचं पाचकही. अडचण चिठ्ठीवर होती: ‘गॅस, अपचन, मूळव्याध, मधुमेह यांवर गुणकारी’.

अन्न म्हणून विकायचं तर एफएसएसएआयची नोंदणी पुरते. एखाद्या आजारावर गुणकारी असं छापलं की ते औषध होतं आणि १९४०च्या औषध कायद्याखाली परवाना लागतो. मधुमेहासारखी काही नावं तर जाहिरातीत घ्यायचीच नाहीत. त्याला १९५४चा मॅजिक रेमेडीज कायदा आहे. अध्यक्ष बाई म्हणाल्या, मग विकायचं काय सांगून? मी म्हटलं, चव सांगून. ‘आवळा, आलं, सैंधव’ एवढंच चिठ्ठीवर गेलं. पुस्तिकेबरोबर मात्र विक्री नाही. ते गुरुजींनी ठामपणे सांगितलं आणि मला बरं वाटलं.

२५ नोव्हेंबर
मसुदा वाचायला दिलेल्या एका निवृत्त अधिकाऱ्यांनी विचारलं, जे घरोघर माहीत आहे ते छापून काय मिळणार? गुरुजींना अशा प्रश्नाची वाटच असते. हळदीने जखम भरते या गोष्टीवर अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राने १९९५मध्ये पेटंट मिळवलं. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे महासंचालक. त्यांनी लढा दिला आणि १९९७मध्ये ते पेटंट रद्द झालं. कशावर? जुने ग्रंथ आणि छापील लेख यांच्या पुराव्यावर. आजी लावायची, हे सांगून भागलं नसतं.

मला स्वतःला कारण एवढं मोठं लागत नाही. माईंच्या सुनेला वळसे माहीत नाहीत, पण व्हॉट्सॲपवरचा पाव चमचा माहीत आहे. तिच्यासाठी हे काम.

हृदयविकाराचं पान डॉक्टरांनी स्वतः लिहून पाठवलं, अर्ध्या पानाचं. छातीच्या मध्यावर किंवा वरच्या पोटात दाब, दरदरून घाम, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, मळमळ: ‘गॅस’ म्हणून ओवा खात बसू नका, ईसीजी काढा. काळी शौच, रक्ताची उलटी, घास अडकणं, कारण नसताना वजन उतरणं: तेही घरी नाही. हे पान पहिलं असावं की शेवटचं यावर अर्धा तास गेला. पहिलं ठेवलं.

१२ डिसेंबर
डमी आली. मलपृष्ठावर मीठ-साखर-पाणी गेलं, हिंगाची गोष्ट नाही. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. १९७१मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी सलाइन संपल्यावर मीठ-ग्लुकोजचं पाणी पाजायला सुरुवात केली आणि तिथल्या पटकीच्या रोग्यांमधलं मृत्यूचं प्रमाण शेकडा तीसच्या आसपास होतं ते चारच्या खाली आलं. मीठ जास्त पडलं तर बाळाला अपाय, म्हणून इथे चिमूट-मूठ काही नाही. चमच्याचं चित्र खऱ्या मापाचं छापलंय, आपला चमचा त्यावर ठेवून बघता येतो. सोबत मीठ घातलेली भाताची पेज. ती सगळ्याच आजींनी सांगितली होती आणि तिच्यात काही खोडण्यासारखं नव्हतं.

शेवटचा रकाना लाल रंगात हवा होता, पण दुसऱ्या रंगाचा खर्च परवडत नाही. ठळक काळा चालेल.

माईंना डमी नेऊन दाखवली. त्यांनी गुटीचं पान चष्मा लावून वाचलं, डॉक्टरांच्या चौकटीवर बोट ठेवलं, काही बोलल्या नाहीत. मग चित्रांकडे बघून म्हणाल्या, ‘हे मायफळ नव्हे, जायफळ आहे. आणि ते जायफळ म्हणून छापलंय ते मायफळ.’ डीटीपीवाल्याने दोन्ही चित्रं उलटी लावली होती. आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. बदलून फाइल उद्या छापखान्यात.